मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हात क्रेव्हिस गार्डन करायचं आहे, दगड कोणता आणि उभा कसा लावू?

नमस्कार मंडळी,

बेसा भागात आमचं छोटं घर आहे, घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत आठ फूट बाय पाच फूट जागा पडून आहे आणि गेली कितीतरी वर्षं मी त्या जागेशी झगडून राहिले आहे. लॉन लावून झालं, गुलाब झाले, हिवाळ्यात शेवंती बहरते, झेंडू येतो, आणि एप्रिल लागला की सगळं करपतं. दुपारी दोननंतर सरळ ऊन आणि वरून भिंतीची धग. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू होईपर्यंत तिथे फक्त काळी माती उरते, बोट जाईल एवढ्या भेगा पडलेली. इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको, २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता.

मागच्या मे महिन्यात मोरीजवळची एक शहाबादी फरशी हलत होती म्हणून मी ती काढली. फरशीच्या फटीत चिवळ उगवली होती, सासूबाई रोज तिथून मूठभर खुडून भाजीला न्यायच्या. फरशी वरून इतकी तापलेली की ओलं फडकं घेऊन उचलावी लागली, आणि खाली माती ओलसर, हात लावला तर माठाच्या बुडासारखी गार. त्या एवढ्याशा चिवळीची पांढरी दोऱ्यासारखी मुळं दगडाच्या अंगाला चिकटून पार खाली गेलेली होती, माझ्या वितीपेक्षा लांब. मी तिथेच बसून बघत राहिले. मी कुंडीत ज्यांना रोज दोनदा पाणी घालते ती झाडं मरतात आणि हिला कोणी पाणी घातलं नाही तर ही ताजी!

तेव्हापासून वाचायला लागले आणि क्रेव्हिस गार्डन हा प्रकार सापडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, चपटे दगड आडवे न ठेवता उभे गाडायचे, एकमेकांना अगदी जवळ, मध्ये जेमतेम एक इंचाची फट, आणि त्या फटीत रेती आणि बारीक खडीचं मिश्रण भरून त्यात लहान रोपं लावायची. दगडाचा अर्ध्याहून जास्त भाग जमिनीत जातो. वरून पडलेलं पाणी फटीतून सरळ खोल उतरतं, दगडाच्या आडोशाने वाळत नाही, मुळं त्याच्या मागे खाली जातात आणि झाडाचा गळा, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात तो भाग, मात्र वर खडीत कोरडा राहतो. चेक प्रजासत्ताकातल्या लोकांनी ही पद्धत रूढ केली, झ्देनेक झ्वोलानेक यांचं नाव यात सगळे घेतात. पण ते लोक त्यात सॅक्सिफ्राज, ड्राबा अशी बर्फाच्या डोंगरातली झाडं लावतात, ती आपल्याकडे मार्चसुद्धा बघणार नाहीत. मला ती झाडं नकोच आहेत, मला ती रचना हवी आहे. चिवळीने जे केलं तेच तर आहे हे.

मागच्या जूनमध्ये घाईघाईत एक प्रयत्न केला तो पूर्ण फसला, तो पण सांगते म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला कळेल. गोल गोल काळे बोल्डर आणले, काळ्या मातीवरच ठेवले, मध्ये रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं आणि तीन अडेनियम (जाड खोडाचे वाळवंटी गुलाब) लावले. जुलैत माती फुगली आणि दोन दगड कलले, त्यांच्यामध्ये पाणी साचून राहिलं. एक दिवस अडेनियमच्या खोडाला हात लावला तर बोट आतच गेलं. तिन्ही गेले. सात वर्षं कुंडीत वाढवलेले होते, फार वाईट वाटलं.

आता फेब्रुवारी संपत आला आहे, पावसाच्या आधी नीट करायचं आहे. दगड कोणता घेऊ, काळा खाणीचा की शहाबादी किंवा कोटाचे तुकडे? काळ्या मातीचं काय करू, सगळी काढावी लागेल का? फटींची दिशा पूर्व-पश्चिम ठेवू की उत्तर-दक्षिण? आणि दगडच तापून मुळं शिजणार नाहीत न? घरच्यांना एकच काळजी आहे, दगडांच्या फटी म्हटल्या की विंचू. ज्यांनी विदर्भात, म्हणजे आपल्या उन्हात, असं काही केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी प्रतापनगरला असतो, माझी अशी बाग चार उन्हाळे काढून उभी आहे, त्यामुळे विश्वासाने लिहून राहिलो आहे.

आधी पाया. तुमचे दगड कलले ते काळ्या मातीमुळेच, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर काहीही ठेवलं तरी दरवर्षी हलणारच. दीड फूट माती काढा. नागरमोथा आणि हरळीच्या गाठी दिसतील तेवढ्या हाताने वेचून फेका, कारण एकदा दगड बसले की फटीतून नागरमोथा उपटता येत नाही, वरून तुटतो आणि खालून परत येतो. मग खाली डबर (दगडाचे ओबडधोबड तुकडे), त्यावर मुरूम टाकून चांगला ठोकून घ्या, आणि बाग जमिनीच्या वर फूटभर उचलून बांधा. पाणी बाहेर जायला उतार द्या. एक महत्त्वाचं, घराच्या भिंतीला चिकटून करू नका, दीड फूट तरी सोडा, नाहीतर भिंतीत ओल धरेल आणि धग पण सरळ झाडांना लागेल. म्हणजे तुमच्याकडे रुंदी साडेतीन फूटच उरते, पण तेवढी पुरे.

दगडाबद्दल. काळा दगड आपला आहे, मजबूत आहे, पण खाणीतून डबर म्हणून येतो, त्याच्या पाट्या निघत नाहीत, आणि रंगामुळे तापतो जास्त. शहाबादी मुळात थराथराचाच आहे, उभा केला की काम झालं. फरशीच्या दुकानांमागे तुटलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तो ते स्वस्तात देतात. कोटा घेतलात तर पॉलिश नसलेला घ्या आणि मशीनने कापलेली सरळ कड वर येऊ देऊ नका, हातोडीने थोडी फोडा, नाहीतर बाग फरशीच्या गोडाऊनसारखी दिसते. एक इंचापासून तीन इंचापर्यंत जाडीचे मिसळून घ्या. आठ बाय साडेतीन आणि फूटभर उंची म्हणजे अठ्ठावीस घनफूट, त्यात निम्मा दगड धरला तर साधारण एक टन होतो, म्हणून हे गच्चीवर कोणी करू नका.

सगळे दगड एकाच दिशेला, थोडे एकाच बाजूला कललेले ठेवा, डोंगरात थर दिसतात तसे. दोन तृतीयांश आत. हलत असेल तर खालून चिपा (दगडाच्या लहान पाचरी) मारा, मिस्त्रीला चिपा म्हटलं की तो बरोबर समजतो. दगडावर उभं राहून बघा, हलला तर परत काढा. हा कंटाळवाणा भाग आहे पण सगळी बाग यावर आहे.

विंचू मोकळ्या पोकळीत राहतो. फटी तळापासून वरपर्यंत ठासून भरल्या तर त्याला जागाच नाही. उरलेले दगड जो ढीग करून कोपऱ्यात ठेवाल न, तिथे तो नक्की येईल, तो ढीग लगेच उचला. आणि दगड उचलताना हातमोजे घाला, पायात बूट असू द्या.

प्रतिसाद २

वरच्या काकांशी सहमत, मी फक्त मिश्रण आणि झाडांबद्दल लिहिते.

कोकोपीट नको. पावसात ते स्पंज होतं, अडेनियम त्यातच सडले असणार. कन्हान नदीची जाड रेती चाळून घ्या, बारीक पावडर खाली पडू द्या, दोन घमेली रेती, एक घमेलं बारीक चिप्स, आणि अर्धं घमेलं शेणखत आणि तुमचीच काळी माती मिळून. हो, काळी माती, पण मूठभर. नुसत्या रेतीत मे महिन्यात दुसऱ्या दिवशी ठणठणीत कोरडं होतं, ती थोडी माती ओल धरून ठेवते. रेतीऐवजी क्रशरची चुरी कोणी सुचवली तर ऐकू नका, ती पाण्याने बसून सिमेंटसारखी घट्ट होते.

झाडांसाठी नर्सरीत जायच्या आधी आपल्या माळावर बघा. विष्णुक्रांता मुरमाड जमिनीत आपोआप येते, निळं फूल इतकं लहान आणि इतकं सुंदर की गुडघ्यावर बसून बघावं. माकडशिंगी आहे, खडकाळ माळावरची, जाड चौधारी फांद्या. भुईगेंद आहे पण त्याचं मूळ खोल असतं, उपटून आणलं तर मरतं, बी टाका. संजीवनी सावलीच्या फटीत ठेवा, उन्हाळ्यात मुठीसारखी मिटून तपकिरी होते, मेली समजून फेकू नका, पहिल्या पावसात उघडते. रानकांदा, रेन लिली यांचे कंद पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. बाहेरच्यांपैकी लहान जातीची कोरफड, युफोर्बिया मिली, ऑफिस टाइम हे सगळे टिकतात. हॅवर्थिया फक्त सावलीत. आणि चिवळ लावायची गरज नाही, ती येईलच. जंगलातून मात्र पिशवी भरभरून आणू नका, थोडं बी किंवा एक फांदी पुरे.

रोपं अगदी लहान घ्या, मुळांची माती झटकून फटीत सरळ खाली सोडा. मोठं कुंडीतलं रोप इंचाच्या फटीत कोंबता येत नाही. आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ येणारच, दोन पानांचा असताना उपटा, पुढे तो दगडच सरकवतो.

वेळेबद्दल, दगड आत्ता मार्चमध्ये लावा आणि पहिला पाऊस रिकामाच जाऊ द्या, म्हणजे रेती खाली बसेल तशी वरून भरता येईल. कंद आणि माळावरची झाडं जूनमध्ये, पण अडेनियम, युफोर्बिया, कोरफड हे सगळं ऑक्टोबरनंतर.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

दिशा राहिली. फटी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे दगडाची एक बाजू पूर्वेला आणि एक पश्चिमेला. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावली, तेव्हा कोणतीच दिशा वाचवत नाही, पण ते थोडाच वेळ. आपलं खरं मरण दोन ते पाच. उत्तर-दक्षिण उभ्या दगडाच्या पूर्वेला तेव्हा सावली असते, रोप तिथे लावा. पूर्व-पश्चिम फटीत ऊन दिवसभर फटीतूनच चालत जातं. मुळं शिजत नाहीत, वरचे दोन-तीन इंच तापतात, खाली गार राहतं, तुम्ही स्वतःच फरशीखाली हात लावून पाहिलं आहे न.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. विंचवाचं वाचून दाखवलं, सासूबाई म्हणाल्या ठीक आहे, पण ढीग आजच उचल.

दिशेचं वाचून एक शंका आली होती, आम्ही बाग पश्चिमेकडून बघतो, मग उत्तर-दक्षिण लावले तर समोरून दगडाची पाठच दिसेल आणि झाडं मागे लपतील. म्हणून काल करून पाहिलं. जुन्या टबात रेती भरली, शहाबादीचे चार तुकडे इंचाच्या अंतराने उभे केले, लांबी-उंची मुद्दाम कमी जास्त, आणि टब त्याच जागेवर ठेवला. एक तांब्या पाणी ओतलं तर वर एक थेंब थांबला नाही. तीन वाजता जाऊन पाहिलं, प्रत्येक तुकड्याच्या पूर्वेला पट्टीसारखी सावली पडली होती. पश्चिमेचा चेहरा चटका देत होता आणि फटीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापाशी ओल लागली. दिसण्याचं पण सुटलं, फाटक दक्षिणेला आहे, आत येताना फटीतून सरळ आरपार दिसतं, आणि बुटके दगड पुढे, उंच मागे ठेवले तर पश्चिमेकडूनही झाडांचे शेंडे दिसतील.

रविवारी मिस्त्री आणि एक रेजा (मजूर बाई) येणार आहेत, माती काढायला सुरुवात करतो. खडूने आठ बाय साडेतीनची चौकट आखून ठेवली आहे, भिंतीपासून दीड फूट सोडून.

आता एकच विचारायचं आहे. सगळ्यात उंच दगडांच्या मागे एक लहान मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवला आणि मे महिन्यात तो भरत राहिले तर झिरपलेलं पाणी फटींपर्यंत पोचेल का, की मुळं माठाभोवतीच गोळा होतील?

प्रतिसाद २

पोचतं, पण साधारण फूटभर अंतरापर्यंतच, म्हणून एक मोठा माठ नको, आठ फुटांत तीन लहान गाडगी पुरा. आतून रंग किंवा ग्लेझ नसलेली घ्या, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा म्हणजे डास होणार नाहीत. मुळं थोडी जवळ येतात, येऊ द्या, पण अडेनियम तिथून लांब लावा. आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर गाडगी भरणं बंद.