दोन रंगांची टोपी आवळते तेव्हा

एका ताईंनी विचारलंय, विणताना दोन रंगांची नक्षी सुरू झाली की टोपी तिथेच का आवळते? उलटी करून बघा. जो रंग त्या वेळी विणत नाही, त्याचा धागा मागून नेताना ताणला जातो. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवून घ्या, मग नवा धागा सैल हाताने आणा. मागचा धागा पाच टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती एकदा पीळ द्या. माझ्या भाचीचा डूल अशाच मोकळ्या धाग्यात अडकला, शेवटी धागा कापावा लागला. पण हेच मागचे धागे दुहेरी थर करतात, म्हणून ही टोपी इतकी ऊबदार.

पेरूमध्ये तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर अशा रंगीत कानटोप्या पुरुष विणतात, लहानपणीच शिकतात. तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलं. किती बारीक, एकसारखे टाके असतात ते!

तुमची टोपी लगेच उसवू नका. खरी लोकर असेल तर ओली करून, डोक्याएवढ्या फुगवलेल्या फुग्यावर चढवून वाळवा. थोडी सैलावेल.