दुसरीच्या गाठीत राहणाऱ्या गांधीलमाशीला मराठीत काय म्हणावं?

पर्णिका: ओकच्या झाडावरच्या गाठींबद्दलचा एक लेख मराठीत आणते आहे. एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते, झाडाला गाठ येते आणि मग त्या गाठीत दुसरीच गांधीलमाशी अंडी घालून जाते. या दुसरीला शास्त्रज्ञ 'इन्क्विलाइन' म्हणतात. मी 'परजीवी' लिहिलंय. चालेल?

कीटकमित्र: नको. परजीवी यजमानाच्या शरीरावर जगतो. सिनर्गस, म्हणजे तुमच्या या दुसऱ्या गांधीलमाश्यांची एक प्रजाती, हिच्या अळ्या खातात ते गाठीतलं वनस्पतीचं ऊतक. त्यांना स्वतःहून गाठ सुरू करता येत नाही, पण आयत्या गाठीत शिरल्या की आपल्याभोवती पोषक थर वाढवून घेतात. मूळ अळी यात बऱ्याचदा मरते. मात्र काही जाती बाहेरच्या भिंतीतच कप्पे करतात, तेव्हा ती वाचतेही.

शिवाय त्याच गाठीत टोरिमससारख्या गांधीलमाश्यांच्या अळ्याही सापडतात. त्या थेट आतल्या अळ्यांनाच खातात. 'परजीवी'च्या जवळचा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा. दोघींना एकच नाव दिलंत तर लेखाचा गाभाच हरवेल.

अर्थशोध: लॅटिन 'इन्क्विलिनस' म्हणजे परक्या जागेत राहणारा, भाडेकरू. माझं मत 'पोटभाडेकरू'ला. जागा ओकची, गाठ करणारी भाडेकरू आणि तिच्या आत ही. 'सहनिवासी' फारच सौम्य वाटतो, मूळ अळीचं मरण त्यात झाकलं जातं. जर्मन कीटकतज्ज्ञ थिओडोर हार्टिगने १८४० मध्ये दिलेल्या 'सिनर्गस' या नावातही तेच झालंय: ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सहकारी!

पर्णिका: 'पोटभाडेकरू' आवडला. वाक्यात बसतो का बघा: 'गाठीवरच्या भोकांवरून पोटभाडेकरू ओळखता येतात.'

कीटकमित्र: छान बसतो, फक्त 'ओळखता येतात'ऐवजी 'असल्याचा अंदाज येतो' करा. अँड्रिकस कोल्लारी या गाठ करणाऱ्या गांधीलमाशीची गोटीएवढी गाठ वाळल्यावर नीट पाहा. एकच मोठं गोल भोक असेल तर गाठ करणारी सुखरूप बाहेर पडली. बारीक बारीक बरीच भोकं असतील तर पोटभाडेकरू तरी होत्या, नाहीतर अळ्या खाणाऱ्या तरी.

आणि हा शब्द सरसकट सगळ्या सिनर्गसना लावू नका. जपानमधली सिनर्गस इटोएन्सिस ओकच्या फळात स्वतःच गाठ करते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालंय. तिच्यापुरतं 'गाठ करणारी' असंच लिहा.