फ्रँकफर्टच्या अकेमा प्रदर्शनात स्टॉल घ्यावा, की आधी नुसते पाहून यावे?

मेहरूणकर (प्रश्न)

नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमचे पीपी-एफआरपी (आतून पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, बाहेरून फायबरग्लास) टाक्या, फ्यूम स्क्रबर (घातक वाफा धुऊन काढणारे टॉवर) आणि डक्टिंग (वाफा वाहून नेणारे मोठे नळ) तयार करण्याचे लहान युनिट आहे. वडिलांनी उभे केलेले हे काम आता मी पाहतो. आमचा बहुतेक माल अंकलेश्वर, वापी आणि तारापूर येथील कारखान्यांना जातो. रसायन उद्योगाच्या यंत्रसामग्रीचे अकेमा हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे 14 ते 18 जून 2027 या काळात भरणार आहे. त्यात स्टॉल घेऊन उतरावे असे मला वाटते. वडिलांचे म्हणणे असे की, ज्या बाजारात आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे पैसा ओतण्याआधी एकदा जाऊन यावे. हे प्रदर्शन तीन वर्षांतून एकदाच भरते, त्यामुळे या वेळी नुसते पाहून आलो तर पुढची संधी थेट 2030 मध्ये, ही माझी खरी अडचण आहे. ज्यांनी हे प्रदर्शन पाहिले आहे किंवा युरोपात अशा प्रकारचा माल पाठवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अवधान_धुळे

भाऊ, मी प्रोसेस इंजिनिअर असून 2024 चे प्रदर्शन कंपनीच्या कामानिमित्त पाहिले आहे. अकेमा हे रसायने विकण्याचे प्रदर्शन नाही, तर रसायने तयार करण्यासाठी लागणाऱ्या साधनांचे आहे. तिथे पंप, व्हॉल्व्ह, रिअ‍ॅक्टर, सेंट्रीफ्यूज, ड्रायर, प्रयोगशाळेची उपकरणे, औषध कारखान्यांची पॅकिंग यंत्रे असे सारे काही असते, त्यामुळे तुमचा माल तिथे विषयाला धरूनच आहे. डेकेमा ही जर्मन संस्था या प्रदर्शनामागे असून पहिले अकेमा 1920 मध्ये हॅनोव्हरला भरले होते. 2024 मध्ये सुमारे 2,800 प्रदर्शक आणि एक लाखाहून अधिक लोक आले होते. दालने विषयवार वाटलेली असली, तरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला प्रदर्शनाच्या आवारातली बस धरावी लागते, यावरून विस्ताराची कल्पना यावी. अशा ठिकाणी अनोळखी कंपनीचा कोपऱ्यातला लहान स्टॉल पाचही दिवस रिकामा राहू शकतो. माझा कौल वडिलांच्या बाजूने आहे.

तापीकाठ

अवधानकरांच्या मताचा आदर ठेवून थोडे वेगळे सांगतो. प्रेक्षक म्हणून जाणाऱ्याची एक मोठी अडचण असते: स्टॉलवर उभी असलेली माणसे स्वतःचा माल विकायला आलेली असतात, आणि त्यांच्यासमोर तुम्ही तुमच्या टाक्यांचा कॅटलॉग उघडला तर ती सौजन्याने कार्ड घेतात आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे विकायचेच असेल तर उभे राहायला स्वतःची जागा हवी, मात्र ती स्वतंत्र असण्याची गरज नाही. ईईपीसी इंडियासारख्या निर्यात प्रोत्साहन परिषदा परदेशी प्रदर्शनांत सामाईक भारतीय दालन घेतात. अकेमासाठी तसे दालन ठरते आहे का, याची त्यांच्या मुंबई कार्यालयात आत्ताच चौकशी करावी. सूक्ष्म व लघुउद्योगांना परदेशी प्रदर्शनांसाठी केंद्र सरकारच्या योजनांतून काही खर्च परत मिळू शकतो, पण उद्यम नोंदणी आणि परिषदेचे सदस्यत्व आधीपासून असेल तरच कागद पुढे सरकतात.

तरीही स्टॉलच्या आधी मोजपट्टी हातात घ्या. वीस फुटी कंटेनरच्या दाराची रुंदी साधारण 2.34 मीटर आणि उंची 2.28 मीटर असते. 10,000 लिटरची टाकी 2.2 मीटर व्यासाची केली तर तिची लांबी सुमारे 2.65 मीटर होते आणि ती जेमतेम आत जाते, पण नोझल (नळ जोडायची तोंडे) आणि लिफ्टिंग लग (उचलण्याचे कान) बाहेर आले की तीही अडकते. व्यास दाराच्या उंचीपुढे गेला की फ्लॅट रॅक (छत आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर) घ्यावा लागतो आणि भाड्याचे गणितच बदलते. टाकी वजनाला हलकी आणि आकाराने अवाढव्य, म्हणजे न्हावाशेवाहून तुम्ही जवळजवळ हवाच पाठवणार. त्यापेक्षा स्क्रबरचे भाग, फ्लँज जोडणीचे डक्ट, टॉवरचे तुकडे असा माल, जो एकात एक बसवून पाठवता येतो आणि तिकडे जोडता येतो, तो निवडावा. मोठी टाकी युरोपातच घेणे त्यांना परवडते, हे मनाशी स्पष्ट ठेवलेले बरे.

बांभोरी

मी रसायन तंत्रज्ञान शिकवतो, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो. कारण युरोपातला ग्राहक किमतीच्या आधी तेच विचारतो.

वातावरणीय दाबाच्या साठवण टाकीला युरोपीय महासंघाचा प्रेशर इक्विपमेंट निर्देश लागू होत नाही, कारण तो 0.5 बारपेक्षा जास्त दाबाच्या उपकरणांसाठी आहे. एवढ्यावरून सुटलो असे मात्र समजू नये. जमिनीवरील एफआरपी टाक्यांसाठी ईएन 13121 ही मानकमाला आहे, पीपीसारख्या थर्मोप्लास्टिक टाकीच्या जाडीच्या आकडेमोडीसाठी डीव्हीएस 2205 ही जर्मन मार्गदर्शिका वापरतात, आणि प्लास्टिक वेल्डरच्या पात्रतेसाठी ईएन 13067 आहे. पाण्याला घातक ठरणारी रसायने साठवायची असतील तर जर्मनीत बर्लिनच्या डीआयबीटी या संस्थेची मान्यता मागितली जाते, आणि लहान परदेशी उत्पादकासाठी ती खर्चीक आणि वेळखाऊ वाट आहे. तापीकाठ यांनी टाक्यांऐवजी स्क्रबर आणि डक्ट सुचवले, त्याला हेही एक बळकट कारण आहे.

आपल्याकडचे कारागीर हाताने फार चांगले काम करतात, हे मी जळगावच्या अनेक शेडमध्ये पाहिले आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की रेझिन (एफआरपीतली चिकट राळ) भांड्यातच घट्ट होऊ लागते, तेव्हा हार्डनरचे प्रमाण किती कमी करायचे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पण ते कुठेही लिहिलेले नसते. कोणत्या बॅचचे रेझिन, कोणत्या तापमानाला, किती हार्डनर, कोणत्या वेल्डरने कोणता जोड केला, वेल्डिंगआधी शीटची कड खरवडली होती का, स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीने छिद्र शोधण्याची चाचणी) किती व्होल्टेजला घेतली आणि सूक्ष्म छिद्र कुठे सापडले, याची जॉबगणिक नोंदवही आजपासून सुरू करा. प्रदर्शनाला जाताना कॅटलॉगपेक्षा टाकीच्या भिंतीचा तळहाताएवढा कापलेला नमुना जवळ ठेवा. पीपीला एफआरपी नुसते चिकटत नाही, दोहोंच्या मध्ये शीटला मागून चिकटवलेले कापड लागते, आणि जाणकार माणूस नमुना हातात घेताच त्या कडेवर नख फिरवून थर सुटतो का ते पाहतो. तिथे तो सुटला नाही, तर पुढचे बोलणे सुरू होते.

मेहरूणकर

आपण सर्वांनी वेळ काढून एवढे सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. कंटेनरच्या दाराचा विचार मी खरोखर केलेला नव्हता. आमच्या स्क्रबरचा सर्वांत मोठा टॉवर 1.2 मीटर व्यासाचा असून तो तीन भागांत येतो, म्हणजे तो सहज बसेल. सामाईक दालनाची चौकशी या आठवड्यातच करतो, आणि ते जमले नाही तर प्रेक्षक म्हणूनच जाईन. तसे जावे लागल्यास नेमके कोणाला भेटावे?

अवधान_धुळे

तसे झाले तर टाक्या विकणाऱ्यांकडे जाऊ नका. बाष्पीभवन, पिकलिंग (आम्लाने धातू साफ करणे) किंवा वायुशुद्धीकरणाचे संपूर्ण संच तयार करून देणाऱ्या कंपन्या शोधा, कारण त्यांना संचात बसवायला स्क्रबर आणि डक्ट बाहेरून घ्यावे लागतात. तुम्ही त्यांचे स्पर्धक नसून पुरवठादार असता, आणि तापीकाठ यांनी सांगितलेली अडचण तिथे बरीच कमी होते. मात्र स्टॉलवर थेट न जाता, प्रदर्शकांची यादी आली की त्यांच्या खरेदी विभागाला ईमेल करून वेळ ठरवा. विक्रीच्या माणसाला तुमच्याशी बोलण्यात रस नसतो, खरेदीच्या माणसाला असतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवास विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोचे लागते. राहण्याची सोय त्याच्याही आधी पाहावी. प्रदर्शनाच्या दिवसांत फ्रँकफर्टमधील हॉटेले आवाक्याबाहेर जातात, त्यामुळे आम्ही माइन्झला राहून लोकलने ये-जा केली होती.

तापीकाठ

एक राहिले. बांभोरी सरांनी सांगितलेल्या नमुन्याचे दोन-तीन तुकडे कापून न्या, म्हणजे एक तरी समोरच्याला ठेवून घेता येईल. प्रत्येकावर युनिटचे नाव आणि ईमेल कोरून घ्या, कारण चिकटवलेले लेबल निघून जाते.