लिस्ट ॲपवरच हवी? 'कागदवाल्यांशी खेळत नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर

फासेकर (धागाकर्ता)

नवीन खेळाडूंसाठीच्या धाग्यावर परवा एका सदस्याने लिहिलं, "वॉरहॅमर ४०,००० खेळायचं तर अधिकृत ॲप घ्या आणि लिस्ट त्यातूनच पाठवा. कागदावर बेरजा करून येणाऱ्यांशी मी खेळत नाही, वेळ फुकट जातो." खाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून टाकलं. नवीन मुलं हे वाचतात. म्हणून सविस्तर लिहितो. नवख्यांसाठी एवढंच: हा छोट्या सैनिकांच्या मूर्तींचा टेबलावरचा युद्धखेळ. प्रत्येक युनिटला, म्हणजे तुकडीला, पॉइंट्स असतात आणि ठरलेल्या पॉइंट्समध्ये कोण कोण आणलंय ती यादी म्हणजे लिस्ट.

लिस्ट बनवणं आजच्याइतकं सोपं कधीच नव्हतं. जून २०२३ मध्ये दहावी आवृत्ती आली आणि शस्त्रांचे वेगळे पॉइंट्स गेले. पॉइंट्सची अधिकृत यादी, म्हणजे मुनिटोरम फील्ड मॅन्युअलची पीडीएफ, फुकट मिळते. त्यात आपल्या सैन्याचं पान उघडायचं, युनिटसमोरचा आकडा घ्यायचा आणि २००० पर्यंत बेरीज करायची. एक डेटाशीट (एका प्रकारच्या युनिटचं नियमपत्रक) जास्तीत जास्त तीनदा, बॅटललाइन (सैन्याचा कणा असलेली युनिट्स) असेल तर सहादा. एन्हान्समेंट, म्हणजे नायकाला दिलेली जास्तीची ताकद, तीन, प्रत्येक एकदाच, आणि एपिक हिरोला (नावानिशी ठरलेल्या नायकाला) एकही नाही. बाकी काय उरलं? शाळकरी पोराला जमेल असं काम आहे.

आणि यासाठी सक्ती कशाची करताय, तर ॲपची. त्यात कोडेक्सची (त्या त्या सैन्याच्या नियमपुस्तकाची) डेटाशीट उघडायला पुस्तकात छापलेला कोड लागतो आणि तो एकदाच चालतो. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलाने सेकंडहँड कोडेक्स घेतलं, कोड आधीच वापरलेला होता. पुस्तक त्याचं, पैसे त्याचे, सगळे नियम डोळ्यांसमोर छापलेले, पण ॲपमध्ये त्याच्या सैन्याला कुलूप. लिस्ट बनवण्याच्या सोयी मोकळेपणाने वापरायच्या तर वर कंपनीच्या वॉरहॅमर प्लस सेवेची वर्गणी. इकडे सैनिकांचा एक डबा घ्यायला मुलं महिनोन्महिने पैसे साठवतात. त्यांना तुम्ही सांगणार की ॲप नसेल तर टेबलावर येऊ नका?

बेरीज मला दिसली पाहिजे आणि समोरच्यालाही दिसली पाहिजे. ती कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर झाली याच्याशी मला देणंघेणं नाही.

---

नॉटिंगहॅमकर

फासेकर, तुमचा राग कोडवर आहे आणि तो काढताय सगळ्या ॲप्सवर. कोडबद्दल तुमच्याशी वाद नाही. हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं नॉटिंगहॅमचं मुख्यालय माझ्या घरापासून बसने जाण्याइतकं जवळ आहे, पण इथल्या खेळाडूंनाही ते कुलूप आवडत नाही.

'बेरीज सोपी आहे' हे मात्र घरच्या डायनिंग टेबलापुरतं खरं. पॉइंट्स दर काही महिन्यांनी बदलतात. इथल्या एका स्पर्धेत माझ्यासमोरचा माणूस सुबक अक्षरात लिहिलेली लिस्ट घेऊन आला. बेरीज बिनचूक, पण आकडे मागच्या पीडीएफमधले. तिसऱ्या फेरीत कोणाच्या तरी लक्षात आलं की त्याचं सैन्य २००० च्या वर जातंय. आधीच्या दोघांच्या निकालांचं काय करायचं यावर पंचांनी जेवणाची सुट्टी घालवली. त्याच्या मनात कपट नव्हतं, पण हरलेल्या दोघांना त्याचा काय उपयोग?

कॅप्टन कोणत्या स्क्वॉडला जोडता येतो, कोणत्या डिटॅचमेंटची (सैन्यासाठी निवडलेल्या रचनेची) एन्हान्समेंट कोणाला चालते, हे तुमच्या पीडीएफच्या पानावर नसतं. ॲप तिथल्या तिथे लाल खूण दाखवतं. चाळीस जणांच्या लिस्ट तपासणाऱ्या आयोजकाच्या जागी एकदा बसून पाहा.

---

सातारचा_सार्जंट

दोघांचंही मूळ दुखण्याकडे लक्ष नाही. फासेकर 'शस्त्रांचे पॉइंट्स गेले' हे आनंदाने सांगताहेत! त्या दिवसापासून लिस्ट बनवण्यातली मजाच गेली. आधी तुकडीच्या म्होरक्याला, सार्जंटला, पॉवर फिस्ट (यांत्रिक मूठ) द्यायची तर पॉइंट्स मोजावे लागत, म्हणून देऊ की नको यावर डोकं चालायचं. आता पॉवर फिस्ट फुकट, चेनसोर्डही (दातेरी साखळीची तलवार) फुकट. एकीची ताकद ८ आणि डॅमेज २, दुसरीची ४ आणि १. चेनसोर्ड कोण घेईल?

माझ्याकडच्या जुन्या सार्जंटांच्या हातात चेनसोर्ड आहेत. सुपरग्लूने चिकटवलेल्या, दात एकेक करून रंगवलेल्या. आता काय, हात कापायचे त्यांचे?

आणि सात इंटरसेसर, म्हणजे साधे पायदळाचे सैनिक, घेऊन दाखवा. पाचांचा दर आहे, दहांचा दर आहे. सात घेतले तर दहांचे पॉइंट्स. घर बदलताना माझे तीन मोडले, राहिले सात. दर खेळात तीन मेलेल्या माणसांचे पॉइंट्स मी भरतोय. माझं स्पष्ट मत आहे, ॲप बनवणाऱ्यांना सोपं जावं म्हणून खेळ कापला.

---

नॉटिंगहॅमकर

सार्जंट, हे काही पटत नाही. बेरीज हे संगणकाचं सगळ्यात सोपं काम. बॅटलस्क्राइब हे लिस्ट बनवण्याचं ॲप कित्येक वर्षं एकेका बंदुकीचे, एकेका ग्रेनेडचे पॉइंट्स मिळवत होतं, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आर्मी बिल्डर नावाचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर हेच करत होतं. उलट ॲप हाताशी असेल तर बारीक पॉइंट्स जास्त परवडतात. शस्त्रांचे पॉइंट्स काढून लिस्ट सोपी झाली ती कागदवाल्यांसाठी. म्हणजे फासेकरांना जे आवडतं तेच तुम्हाला खुपतं, आणि दोघे मिळून ॲपला झोडपताय. आधी आपापसात ठरवा.

---

सातारचा_सार्जंट

ठरवायचं काय त्यात? मला बारीक पॉइंट्स हवेत आणि ते कागदावर मिळवायला माझी हरकत नाही. आम्ही वर्षानुवर्षं मिळवलेच की. बसने जाण्याइतक्या अंतरावर राहणाऱ्यांना मोडलेले तीन इंटरसेसर उद्या परत घेता येतात, म्हणून ही हुशारी सुचते.

---

लालमाती

सार्जंटदादा, वैयक्तिक नको. आणि सगळीच शस्त्रं काही पॉवर फिस्ट-चेनसोर्डसारखी नाहीत. डेव्हास्टेटर, म्हणजे जड शस्त्रांची तुकडी, बघा. हेवी बोल्टरच्या तीन गोळ्या, ताकद ५, डॅमेज २, वर सस्टेन्ड हिट्स (जास्तीचे फटके देणारा नियम). लॅसकॅननची एकच गोळी, ताकद १२, डॅमेज डी-६ (सहा बाजूंच्या फाशावर पडेल तो आकडा) अधिक १. एक पायदळासाठी, दुसरी रणगाड्यासाठी. इथे दर सारखा असला तरी निवड राहतेच. मी चार वेगवेगळी शस्त्रं घेऊन खेळते आणि मला त्यात मजा येते.

---

सातारचा_सार्जंट

डेव्हास्टेटरचं एकवेळ सोडा. तेवढं एक जमलंय त्यांना. सार्जंटचं उत्तर द्या. आणि सात जणांचं.

---

लालमाती

सात जणांचं उत्तर नाही माझ्याकडे. तो नियम वाईटच आहे.

---

गडावरचा_ऑर्क

शस्त्रं फुकट करण्याचा प्रकार दहाव्या आवृत्तीचा नाही हो. जानेवारी २०२३ मध्ये, नववी चालू असतानाच, स्पेस मरीन्ससकट बऱ्याच सैन्यांची शस्त्रं फुकट केली होती. मी तेव्हाच माझ्या डब्यांतले उरलेले सगळे हात शोधून काढले, लहान चुंबकं बसवली आणि हात बदलता येतील असे केले. खांद्यात दोन मिलिमीटरचं भोक, दोन मिलिमीटरचं चुंबक, ध्रुव तपासून. सार्जंट, तुमचे जुने सैनिकही वाचतील. सुपरग्लूचा सांधा काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की ठिसूळ होतो, मग हलकेच पिळा.

---

सातारचा_सार्जंट

रंगाचं काय? रंग उडाला तर तुम्ही येऊन रंगवणार का? मी चुंबकं लावायला हा छंद धरला नाही. ज्याला जे हवं ते चिकटवावं आणि त्याची योग्य ती किंमत मोजावी, एवढंच मागतोय.

---

डेटावाली

आता मी बोलते, कारण वरच्या प्रत्येकाने माझं काम वापरलंय आणि एकानेही त्याचं नाव घेतलेलं नाही.

बॅटलस्क्राइबमध्ये आकडे आपोआप यायचे असं वाटत होतं का? ॲप एका माणसाचं, पण डेटा बीएसडेटाचा. गिटहब या साइटवर उघड ठेवलेल्या फाइल्स, ज्या खेळाडूच सांभाळतात. मी त्यातली एक. नवी पीडीएफ आली की एका खिडकीत पीडीएफ, दुसऱ्यात फाइल, आणि एकेक आकडा बदलत बसायचं. 'सार्जंटला एकच पिस्तूल', 'पाच जणांमागे एक जड शस्त्र' अशी प्रत्येक अट वेगळी लिहावी लागते, नाहीतर ॲप कोणालाही काहीही घेऊ देतं. पैसे कोणी देत नाही. पीडीएफ येऊन एक रात्र उलटली की 'अजून अपडेट का नाही?' म्हणून ओरडणारे मात्र पुष्कळ. एकाने तर मला फाशीच्या दोराचं चित्र पाठवलं. कारण काय, त्याच्या रणगाड्याचे पॉइंट्स एक दिवस जुने राहिले.

फासेकर, तुम्ही 'ॲप' म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवलंत, याचा मला राग आहे. बॅटलस्क्राइबच्या निर्मात्याने पुढे ते सुधारणं थांबवलं. तरी लिस्ट बनवणं थांबलं नाही, कारण डेटा उघडा होता. न्यू रिक्रूट या लिस्ट बनवण्याच्या दुसऱ्या साधनाने त्याच फाइल्स वाचायला घेतल्या. तिथे कोड नाही, कुलूप नाही, ब्राउझरमध्ये चालतं. तुमच्या त्या कॉलेजच्या मुलाला हे कोणी सांगितलं का?

---

फासेकर

डेटावाली, दोराचं चित्र पाठवणाऱ्याला गटातून काढायला हवं होतं. त्या मुलाला न्यू रिक्रूटचा पत्ता आज देतो. पण माझा प्रश्न तसाच आहे. ज्या सदस्याला मी उत्तर देतोय तो 'अधिकृत ॲपच' म्हणतोय. न्यू रिक्रूटची लिस्ट त्याला चालेल का?

---

नॉटिंगहॅमकर

चालायला हवी. इथल्या स्पर्धांत लिस्ट बहुतेक बेस्ट कोस्ट पेअरिंग्ज या स्पर्धा चालवण्याच्या साइटवर मजकूर म्हणून चिकटवतात. तो कुठून आला हे मी तरी कधी विचारलेलं नाही. वाचता यावा, आकडे आजचे असावेत, बस. अधिकृतच हवं हा हट्ट मीही धरणार नाही. कागदाला मात्र स्पर्धेत माझा विरोध कायम.

---

मालवणी_हाकिस्लाम

तुमचं अख्खं भांडण एका कंपनीच्या वागण्यावर चाललंय म्हणून बाहेरचं सांगतो. इन्फिनिटी खेळा. स्पेनच्या कॉर्वस बेलीचा खेळ, नियम फुकट, इन्फिनिटी आर्मी हे त्यांचं अधिकृत साधन, तेही फुकट. कोड मागत नाहीत. आणि तिथे लिस्ट म्हणजे नुसती बेरीज नसते. लपलेले सैनिक असतात, छद्मवेशातले असतात, त्यामुळे समोरच्याला दाखवायची लिस्ट वेगळी आणि आपली खरी लिस्ट वेगळी. दोन्ही तेच साधन काढून देतं. हे हाताने करायला गेलात तर घोळ होणार. कंपनी सैनिक विकून पोट भरते, यादी विकून नाही.

वन पेज रूल्सच्या खेळांचंही तेच. त्यांचं आर्मी फोर्ज हे लिस्टचं साधन उघडा, तुमच्याकडचे हेच वॉरहॅमरचे सैनिक घेऊन खेळा. सार्जंट, तिथे शस्त्रांना पॉइंट्स आहेत बरं का.

---

सातारचा_सार्जंट

पाहिलं. पॉइंट्स आहेत, छान आहेत. पण साताऱ्यात माझ्यासमोर ते खेळायला कोण बसणार? इथे आम्ही मोजून चार डोकी, आणि तिघांना ४०,०००च हवं.

---

एक्सविंगवाला

कागद चांगला की ॲप, यावर माझं ऐका. एक्स-विंग या स्टार वॉर्सच्या विमानांच्या खेळाची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली तेव्हा कार्डांवरचे पॉइंट्स काढून टाकले. म्हणाले, आता ते ऑनलाइन बदलत राहतील, संतुलन सुधारेल. सुधारलंही, ते नाकारत नाही. पण जून २०२४ मध्ये तो चालवणाऱ्या ॲटॉमिक मास गेम्सने खेळच थांबवला. माझ्याकडे कपाटभर विमानं आणि कार्डं, पण दुसऱ्या आवृत्तीच्या एकाही कार्डावर आकडा नाही. आज खेळाडूच गट करून पॉइंट्स काढतात आणि मी त्यांचेच वापरतो. ते उद्या थकले तर माझी कार्डं मुकी. नॉटिंगहॅमकर, यावर तुमच्या लाल खुणेचा काय इलाज?

---

नॉटिंगहॅमकर

इलाज नाही. पण छापील आकडेही काही अमर नसतात. नवव्या आवृत्तीच्या कोडेक्समध्ये पॉइंट्स छापले होते, आणि पुस्तक नवं असतानाच ते जुने व्हायचे.

---

एक्सविंगवाला

जुने व्हायचे, पण नाहीसे होत नव्हते. दोन मित्र बसून जुन्या आकड्यांवर आजही खेळू शकतात. हा फरक तुम्हाला छोटा वाटतो, मला नाही वाटत.

---

फासेकर

हेच म्हणतोय मी. स्पर्धेसाठी नॉटिंगहॅमकरांचं मान्य करतो, पंचांची जेवणाची सुट्टी वाचू दे. पण रविवारी कोणाच्या घरी दोघे खेळताना कागद चालणार नाही म्हणणाऱ्याशी मीही खेळणार नाही. आणि प्रत्येक आवृत्तीची पीडीएफ मी छापून ठेवतो, ती तशीच ठेवणार.

---

नॉटिंगहॅमकर

घरी काय वाटेल ते करा. फक्त छापलेल्या पीडीएफवर तारीख लिहा.

---

डेटावाली

आणि माझी एक विनंती. फाइलमध्ये चूक दिसली तर 'काहीतरी चुकलंय' एवढंच लिहून पळू नका. सैन्याचं नाव, युनिटचं नाव, ॲप काय दाखवतंय, पीडीएफच्या कोणत्या पानावर काय छापलंय, एवढं गिटहबवर टाका. मराठीत लिहिलंत तरी मी वाचते. सार्जंट, सात इंटरसेसर घेतले की दहांचा दर लागतो ही फाइलमधली चूक नाही, तुमचे तिन्ही अर्ज मी बंद केलेत.

---

सातारचा_सार्जंट

चौथा टाकतोय.