आबाजीचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर, इंजिन जाम हाय, काय करू?

आर्वीकडचा:
भाऊ, आबाजीचा इंटरनॅशनल बी-२७५ गोठ्यामागं बाभळीखाली दहा-बारा वर्षं उभा हाय, सायलेन्सरवर कोणी डबा उपडा घातला नाही म्हणून पावसाचं पाणी आत गेलं अन् इंजिन जाम झालं. शेतीला दुसरा हाय, हा फक्त पोळ्याला गावातून फिरवायचाय, आबाजी अजून रोज त्याच्या सीटवरून हात फिरवते. टोचन लावून ओढू का?

मिस्त्रीभाऊ:
ओढू नको बाप्पा! जाम पिस्टनला झटका बसला तर रिंगा तुटतात, रॉड वाकतो. चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) काढ, भोकातून डिझेल अन् पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल निम्मंनिम्मं सोड, आठ दिवस मुरू दे, मग फ्लायव्हील, म्हंजे इंजिनामागचं जड चाक, हळूहळू मागंपुढं हलव. सूतभर हललं तरी इंजिनात जीव हाय समज. अन् मोकळं झालं की नोझल बसवायच्या आधी आतलं सगळं तेल बाहेर फेकू दे, नंतर इंजिन ऑइल बदल.

दर्यापूरवाला:
रंगाच्या घाईत इंजिन-चेसिसच्या नंबरची पट्टी घासू नको, आरसी बुकाशी तोच नंबर जुळवावा लागते. डिझेल टाकीही खोलून धू, तळाला गाळ असतेच.

आर्वीकडचा:
नोझल काढले. तीन भोकं कोरडी, चौथ्यातून गंजाचं तांबडं पाणी आलं. ऑइल टाकलं हाय, आबाजी बाजेवर बसून पाहून राहिले.