मित्रांच्या लेकरांना वाढदिवसाची भेट: कुठवर द्यायची?

उदगीरकर
आम्ही चार घरं. कॉलेजपासूनची मैत्री, सगळे लातूर-नांदेड पट्ट्यातच. लेकरं झाली तेव्हापासून एकमेकांच्या लेकरांना वाढदिवसाला काहीतरी द्यायची रीत पडली. लहानपणी फ्रॉक, बॅट, रंगपेटी असं भागायचं. आता थोरली नववी-दहावीला आलीत. काय आवडतं ते त्यांच्या आईबापालाच कळंना, मग पाकीट. मी पाचशे द्यायचे, दोन महिन्यांनी तेच पाचशे माझ्या पोराच्या हातावर यायचे.

आमच्यातल्या दोघांचं घर शेतीवर चालतं. जून-जुलैत बी-खत आणि शाळेची फी एकदमच अंगावर येते, सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीशिवाय दिसत नाही. बरेचसे वाढदिवस नेमके त्याच दिवसांत. कोणी बोलून दाखवत नाही, पण ओढाताण दिसते. माझं मत स्पष्ट आहे: दहावी झाली की बंद, आणि तसं चौघांनी बसून ठरवायचं.

परभणीची लेक
दहावीला बंद? अजिबात पटलं नाही. आपल्याकडची कितीतरी लेकरं अकरावीला लातूर गाठतात. एका खोलीत तिघं, सकाळी क्लास, दुपारी मेसचा डबा, रात्री मेडिकलच्या 'नीट'चे पेपर सोडवायचे. वाढदिवस कधी आला नि गेला कळत नाही. माझी मुलगी तिथं होती तेव्हा माझ्या मैत्रिणीनं डिंकाचे लाडू आणि स्वेटर पाठवला होता. अजून त्या मावशीचं नाव काढते.

उदगीरकर
ताई, त्या मावशीनं लेकराची गरज ओळखली. त्याला माझा विरोध नाहीच. तारीख आली म्हणून पाकीट भरायचं, याला आहे.

बीडवाला
तारीख नसली की माणसं विसरतात. आपल्याकडं आहेर वहीत लिहून ठेवतात, कोणाचं किती आलं नि किती फेडायचं. लोक त्याला नावं ठेवतात, मी नाही ठेवत. लग्नाच्या खर्चात त्याच वहीनं कितीतरी घरं तरली. घेतलेलं परत द्यायचं, यात कमीपणा कसला? पाचशेचे दोनशे करा, पण लेकरू अठराचं होईपर्यंत चालू द्या.

जालन्याहून
वहीचा हिशोब लग्नात ठीक आहे. इथं तो बसत नाही, कारण कोणाला एक लेकरू, कोणाला तीन, आणि आमच्यासारख्यांना एकही नाही. आम्ही दोघं मित्रांच्या लेकरांना वर्षानुवर्षं देत आलो, हौसेनं. परत यावं ही अपेक्षा कधीच नव्हती. पण एका मित्राच्या घरी, त्यांना तीन मुली, आम्हाला वाढदिवसाला बोलावणंच बंद केलं. का, तर 'तुमच्यावर भार पडतो.' ते फार लागलं हो. काकू, काकू करत ओट्यापाशी घुटमळणाऱ्या पोरी त्या. देऊ नका म्हणाले असते तर ऐकलं असतं, बोलावणं कशाला बंद करायचं?

नांदेडकर
दहावीची अट घातली तर एकाच घरात काय होईल ते बघा. सहावीतला भाऊ पाकीट फोडतोय आणि अकरावीतली बहीण बाजूला उभी. बंद करायचं तर सगळ्यांचं एकाच वर्षी करा.

धाराशिवकडचा
आम्ही तसंच केलं. वाढदिवसाचं देणंघेणं सगळ्यांचं बंद. त्याऐवजी येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळी घरं एकाच्या शेतात जमतात, दरवर्षी पाळी बदलते. कडब्याच्या कोपीपाशी पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. यायचं रिकाम्या हातानं. थोरली पोरं धाकट्यांना झोका बांधून देतात. वाढदिवसाच्या हॉलमध्ये हीच पोरं मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायची.

परभणीची लेक
दादा, छान आहे, पण येळवसीचं प्रस्थ तुमच्याकडं, आमच्याकडं एवढं नाही. आणि लातूरच्या खोलीतलं लेकरू टेस्ट सोडून शेतात कसं येणार? त्याच्यापर्यंत कोणीतरी पोचलं पाहिजे, मी तेवढंच म्हणतेय.

उदगीरकर
दिवाळीत चौघं भेटणार आहोत, तेव्हा विषय काढतो. सगळ्यांचं एकदम बंद, असंच मांडतो.

बीडवाला
माझं मत वेगळं आहे ते आहेच. पण काढणारच असाल तर आधी शेतीवाल्या दोघांना एकेकटं गाठून विचारा. चौघांत काढलंत तर तेच सगळ्यांत आधी 'असू द्या की, चालू द्या' म्हणतील.