शेवटच्या दोन सोंगट्या: मागची हलवायची की पुढची?

पांदणवाट

राजेहो, परवाचा डाव डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतो. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे आणि थ्री-फेज लाइन रात्री दहानंतर येते. तोवर आम्ही चार-पाच जण देवळाच्या ओट्यावर बॅकगॅमन खेळत बसतो: दोन फासे, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, ज्याच्या सगळ्या आधी पटाबाहेर निघाल्या तो जिंकला. आखातात नोकरी करून आलेल्या काकांनी हा खेळ गावात आणला. पट प्लायवूडवर ऑइलपेंटनं रंगवलेला, सोंगट्या म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची झाकणं. पंधरा उताणी, पंधरा पालथी.

काकांच्या तीन सोंगट्या उरल्या होत्या: सहाव्या, पाचव्या आणि तिसऱ्या घरात. माझ्या चार, चारही पहिल्या घरात. काकांना दान पडलं सहा-एक. सहानं सहाव्या घरातली बाहेर काढली. आता एक खेळायचा. काकांनी विचारही न करता पाचातली चारात सरकवली. मला साधं दान पडलं, दोन निघाल्या, दोन राहिल्या. म्हणजे काकांना एकाच दानात दोन्ही काढणं भाग होतं. पडलं सहा-दोन. सहानं चारातली गेली, तिनातली एकावर येऊन अडकली.

तिनातली दोनात आणली असती तर पाच आणि दोन राहिले असते, आणि त्याच सहा-दोनात दोन्ही बाहेर! मी घरी येऊन वहीवर छत्तीसच्या छत्तीस दानं मांडली. चार-तीन उरले तर ३६ पैकी १७ दानांत दोन्ही निघतात, पाच-दोन उरले तर १९. बेरीज दोन्हीकडे सातच, तरी दोन दानांचा फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. डाव अडला की हात आवरा आणि मोजा. 'मागची आधी पुढं आणावी' ही सवय आहे, हिशोब नाही.

वऱ्हाडी फासा

भाऊ, मोजणं चांगलंच हाय, पण तुमी सोपी जागा धरली. शेवटी दोन सोंगट्या उरल्या का कोणीबी मोजते. मंधातल्या डावात काय मोजसान? पयलंच दान घ्या, दोन-एक. मी तेराव्या घरातून एक अकरावर आणतो अन् सहातली एक पाचावर उघडी, म्हंजे एकटीच, ठेवतो. दोन सोंगट्या ठेवून पाचाचं घर बांधलं का समोरच्याच्या मागच्या दोन सोंगट्या कोंडल्या जाते. थे घर मले पायजे म्हंजे पायजे. तिथं वही काढून बसलो तर लाइन येऊन जाईन अन् वावर कोरडंच राहीन.

आणिक एक. काकांले सहा-दोन पडलं म्हणून तुमी बरोबर ठरले. चार-तीन पडलं असतं तर?

पांदणवाट

चार-तीन पडलं असतं तर काकांची खेळी जिंकली असती आणि माझी हरली असती, हे मान्यच. पण नीट पाहा: पाच-दोन ठेवले की सहा-दोन आणि पाच-दोन ही दोन दानं कामी येतात, चार-तीन ठेवले की फक्त चार-तीन. फासे दोन, म्हणून प्रत्येक दान दोनदा धरायचं. चार विरुद्ध दोन. बाकी सगळी दानं दोन्हीकडे सारखीच.

तुरीचं रान

फासाभाऊ, तुमचा दोन-एकही मोजता येतो. पाचावरची उघडी सोंगटी समोरच्याच्या मागच्या जोडीपासून चार घरांवर आहे. कुठंही चार असलेली ११ दानं, तीन-एकची २, दोनाची जोडी आणि एकाची जोडी. झाली १५. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा तुमची सोंगटी मार खाणार, पुन्हा पहिल्यापासून निघणार आणि चाललेली वीस पावलं पाण्यात जाणार.

मी त्याच दानात अकराची चाल खेळतो, पण एकानं मागची सोंगटी चोविसावरून तेविसावर सरकवतो. जुने जाणकारही तुमच्यासारखेच पाचावर ठेवायचे, दोन-एक, चार-एक, पाच-एक तिन्ही दानांत. मग १९९२ साली आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम आला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला होता, आणि त्यानं चोविसावरची सरकवणं पसंत केलं. मोठमोठ्या खेळाडूंनी करून पाहिलं आणि सवय बदलली. आयुष्यभराचा अंदाजही चुकू शकतो.

वऱ्हाडी फासा

पाच-एक अन् चार-एकचं मी मान्य करतो. पण दोन-एकात आजचे प्रोग्रॅमबी दोन्ही खेळ्या जवळजवळ सारख्याच धरते. मंग निवडाव कशावरून? पाचावर ठेवलं का डाव तापते: दुप्पट जिंकाची शक्यता वाढते, दुप्पट हराचीबी वाढते. मले गॅमनची, म्हंजे दुप्पट जितीची, गरज असन तर मी उघडी ठेवीन, नसन तर तुमच्यासारखी मागची सरकवीन. हे वहीतल्या छत्तीस चौकटीत कुठी लिहून हाय? हे माणूस पाहून, गुण पाहून ठरते.

अंगणातली चौसर

दोघंही खरं बोलताय, पण मधला मोठा भाग सुटला. मोजायचं काय, हे आधी कळायला हवं. अमेरिकी खेळाडू पॉल मॅग्रिएल यांनी धाडस कधी आणि जपून कधी, याच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत. मी त्या रोज वापरते. समोरच्याच्या घरच्या भागात किती घरं बांधली गेलीत? चार-पाच बांधलेली असतील तर मार खाल्लेली सोंगटी आत शिरतच नाही, तिथं जपून. तिकडं आपला अँकर, म्हणजे दोन सोंगट्यांचं पक्कं घर असेल, तर धाडस करा. मार बसला तरी उतरायला जागा आहे.

म्हणून सुरुवातीचा दोन-एक आणि विसाव्या चालीनंतरची उघडी सोंगटी एक नाही. दोन्हीकडे १५ दानंच मारतात, पण सुरुवातीला समोरच्याचं बांधलेलं घर एकच, सहावं. तेव्हाची वीस पावलं परवडतात. पुढं त्याच पंधरा दानांत अख्खा डाव जातो. लहानपणी आजीसोबत चौसर खेळताना ती सोंगटी उचलायच्या आधी समोरच्याच्या पटाकडं बघायची. आपल्याकडं नंतर.

तुरीचं रान

ताई, हे पटलं. मी मारणारी दानं मोजतो, मारल्यावर काय होईल तिथं थांबतो.

वऱ्हाडी फासा

मले तर पयलेपासून हेच म्हणाचं होतं, ताईनं नीट सांगतलं. तरी पांदणवाटभाऊ, वहीवाला हट्ट मले पटत नाई. खेळताना डोकं मोकळं पायजे.

पांदणवाट

काल रात्री काकांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. काका काही बोलले नाहीत. कोळशानं ओट्यावर सहा बाय सहाच्या चौकटी आखल्या आणि खिशातून मूठभर चिंचोके काढले. ज्या दानात दोन्ही सोंगट्या निघतात त्या चौकटीत एक चिंचोका. चार-तीनसाठी सतरा ठेवले, उचलले. पाच-दोनसाठी एकोणीस.

मग स्वतःच विचारलं, "अन् सहा-तीन उरले, एक खेळाचा, तर?" मी बोलायच्या आत पुन्हा चिंचोके मांडले. सहातली हलवून पाच-तीन ठेवले तर चौदा, तिनातली हलवून सहा-दोन ठेवले तर तेरा. "पाय, इथं मागचीच हलवाची," म्हणाले. एका चिंचोक्यानं का होईना, त्यांची सवय तिथं बरोबर निघाली.

लाइन आली तेव्हा साडेदहा झाले होते. मोटार सुरू करून परत आलो तर काका बॅटरीच्या उजेडात पाच-चार मांडत बसले होते.